'दिसले नाहीत' म्हणजे नाहीत?

क्षयरोगाची शंका आली आणि बेडका तपासायला दिला, की प्रयोगशाळेतून एक चिठ्ठी मिळते. जंतू सापडले तर चिठ्ठीवर एक, दोन किंवा तीन 'प्लस' असतात. सापडले नाहीत तर 'निगेटिव्ह'. पूर्वीचे तंत्रज्ञ चिठ्ठीवर 'ए.एफ.बी. नॉट सीन' असं लिहीत, म्हणजे आम्ल-स्थिर जंतू दिसले नाहीत. मला तो जुना शब्दप्रयोग अधिक प्रामाणिक वाटतो. जंतू दिसले नाहीत, एवढंच तो सांगतो. पण चिठ्ठी घरी जाईपर्यंत 'दिसले नाहीत'चं 'नाहीत' होऊन जातं. घरचे म्हणतात, टी.बी. नाही, सुटलो बुवा! छातीच्या रोगांचा डॉक्टर म्हणून मी चाळीसएक वर्षं या चिठ्ठ्या पाहत आलो. दिसण्या-न दिसण्याचा हा इतिहास आज सांगायचा आहे, कारण एचआयव्हीची साथ आली तेव्हा या एका शब्दाने फार माणसं नेली.

क्षय जुनाच. आपल्याकडे त्याला राजयक्ष्मा म्हणत. चंद्राला दक्षाच्या शापाने झालेला आणि म्हणून कलेकलेने झिजवणारा रोग, ही कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. शतकानुशतकं वैद्य-डॉक्टर हा रोग ओळखत ते या झिजण्यावरूनच, म्हणजे फार उशिरा. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक यांनी रुग्णाच्या छातीला कागदाची सुरळी लावून आतला आवाज ऐकला आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. क्षयाने फुप्फुसात पडलेली पोकळी त्यांना कानाने कळू लागली. पुढे १८२६ मध्ये ते स्वतः क्षयानेच गेले, आणि त्यांच्या छातीतला रोग त्यांच्या पुतण्याने त्यांच्याच नळीतून ऐकला.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. हा दिवस आता जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळतात. या जंतूभोवती मेणासारखं आवरण असतं, त्यामुळे साधा रंग त्याला चढत नाही. थोड्याच काळात झील आणि नील्सन या दोघांच्या नावाने एक युक्ती रूढ झाली. काचपट्टीवर बेडका पसरायचा, लाल रंग ओतून खालून गरम करायचं, मग आम्लाने धुवायचं. बाकी सगळ्याचा रंग धुऊन जातो, क्षयाचे जंतू मात्र लालच राहतात. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या. विद्यार्थी असताना त्या पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मला, खरं सांगतो, त्या सुंदर वाटल्या होत्या.

पण दिसला म्हणून रोग बरा होत नव्हता. डॉ. आनंदीबाई जोशी यांचं उदाहरण घ्या. मार्च १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी घेतली, तेव्हा जंतूचा शोध लागून चार वर्षं झाली होती. आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षंही पूर्ण झाली नसताना, त्या पुण्यात क्षयाने गेल्या. रोगाचं कारण माहीत असलेल्या त्या पहिल्या पिढीच्या हातात औषध नव्हतं.

मग उरली हवा. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीला बेल-एअर ही आरोग्यशाळा सुरू केली. मिरजेची क्षयरुग्णांची आरोग्यशाळा तर पश्चिम महाराष्ट्रात घरोघरी माहीत होती. उघड्या व्हरांड्यात खाटा, दूध, अंडी, सक्तीची विश्रांती आणि सकाळ-संध्याकाळ तापमापक. एक्स-रे आल्यावर फुप्फुसातली पोकळी डोळ्यांना दिसू लागली. ती मिटावी म्हणून छातीत हवा भरून फुप्फुस दाबून ठेवत, प्रसंगी फासळ्या काढत. काहींना त्याचा उपयोगही झाला. घरात कुणाला क्षय झाला की 'मिरजेला ठेवलंय' असं दबक्या आवाजात सांगितलं जाई. लग्नाची मुलगी असेल तर तेही सांगत नसत.

१९४३ मध्ये अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाला मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. ब्रिटनमध्ये या औषधाची जी चाचणी झाली ती वैद्यकाच्या इतिहासात वेगळ्याच कारणाने गाजली: कुणाला औषध द्यायचं आणि कुणाला नाही हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता सोडतीसारख्या पद्धतीने ठरवलं गेलं. १९४८ मध्ये निष्कर्ष आले. औषध घेणाऱ्या ५५ पैकी ४ जण सहा महिन्यांत गेले, नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. आनंद व्हावा असाच आकडा. पण महिना-दोन महिन्यांत बऱ्याच रुग्णांचे जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. यातून शिकलेला धडा आजही चालतो: क्षयाला एकच औषध कधी द्यायचं नाही. पॅस आलं, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं, आणि दोन-तीन औषधं एकत्र, वर्ष-दीड वर्ष, अशी पद्धत बसली.

आता प्रश्न आला खाटांचा. भारतात रुग्ण लाखांनी आणि आरोग्यशाळांतल्या खाटा हजारांनी. १९५६ साली मद्रासला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र काढलं. वॉलेस फॉक्स हे त्याचे पहिले प्रमुख. त्यांनी विचारलेला प्रश्न त्या काळी अनेकांना आगाऊपणाचा वाटला असेल: ही औषधं दिली तर आरोग्यशाळेची गरज आहे का? शहरातल्या दाटीवाटीच्या, गरीब वस्त्यांतले १९३ रुग्ण घेतले. निम्मे आरोग्यशाळेत राहिले, विश्रांती, चांगलं जेवण, परिचारिका असा सगळा थाट. निम्मे घरीच, तेच जेवण, त्याच खोल्या, बरेचजण कामावरही जाणारे. औषधं दोघांना सारखीच. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षाअखेर आरोग्यशाळेतल्या ९२ टक्के आणि घरच्या ८६ टक्के रुग्णांचा रोग आटोक्यात होता. पुढे पाच वर्षं दोन्ही गटांच्या घरच्यांवर लक्ष ठेवलं. रुग्ण घरी राहिला म्हणून घरातल्यांना जास्त लागण झाली, असं काही आढळलं नाही. जी व्हायची ती उपचार सुरू होण्यापूर्वीच होऊन गेलेली होती.

जगभरातल्या आरोग्यशाळा ओस पडायला हा अभ्यास कारण ठरला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. त्याची एक बाजू मात्र कमी सांगितली जाते. रुग्ण घरी गोळ्या घेतात की नाही हे पाहायला मद्रासचे कर्मचारी न सांगता घरी जात, गोळ्या मोजत, लघवी तपासत. तेव्हा कळलं, की बरं वाटू लागलं की माणूस औषध सोडतो. 'समोर उभं राहून गोळी घ्यायला लावायची' ही कल्पना तिथली. दुसरं, या अभ्यासातून पुष्कळांनी सोयीचा अर्थ काढला, की औषध असलं म्हणजे खाण्यापिण्याचं काही विशेष नाही. तो अर्थ किती अपुरा होता हे कळायला २०२३ उजाडलं. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांना सहा महिने शिधा देऊन पाहिला, तर त्या घरांतल्या इतर माणसांना क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झालं. पूर्वीच्या आजीबाई रुग्णाच्या ताटात तुपाची धार जास्त धरत. त्यांचं अगदीच चुकत नव्हतं.

आता पुन्हा चिठ्ठीकडे येतो. १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. सूक्ष्मदर्शक स्वस्त, तालुक्याच्या दवाखान्यातही चालणारा; त्यामुळे बेडक्याची तपासणी हाच त्याचा पाया. त्याच सुमारास बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतले डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन क्षयरुग्णांना गाठलं. समज असा होता, की खेडवळ माणूस अडाणी, त्याला रोग कळत नाही, तो येत नाही. १९६३ साली छापलेल्या या अभ्यासात वेगळंच निघालं. ज्यांच्या बेडक्यात जंतू होते त्यांतले निम्म्याहून अधिक लोक आधीच एखाद्या दवाखान्यात जाऊन आले होते, आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतले होते. तपासणी न होता!

शहरात, खासगी दवाखान्यांत, वेगळा गोंधळ होता. डॉ. मुकुंद उपळेकर आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या झोपडपट्टीतल्या शंभरेक डॉक्टरांना विचारलं, की क्षयाला काय देता. १९९१ मध्ये छापलेलं उत्तर होतं: ८० प्रकारचे वेगवेगळे उपचार. धारावीत २०१० मध्ये डॉ. झरीर उदवाडिया यांनी हाच प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा १०६ डॉक्टरांनी ६३ वेगवेगळी प्रिस्क्रिप्शनं लिहिली. त्यांतली बरोबर सहा होती. औषधांना न जुमानणारा क्षय कुठून आला, असं लोक विचारतात तेव्हा मी हे आकडे सांगतो. १९७०च्या दशकात रिफॅम्पिसिनमुळे उपचार सहा महिन्यांवर आले होते. इतकं चांगलं औषध आपण सुपारीसारखं वाटलं.

एवढं सगळं असूनही सूक्ष्मदर्शकावर आमचा विश्वास होता, आणि तो अस्थानी नव्हता. सर्वांत संसर्गजन्य रुग्ण तो पकडत होता. एचआयव्ही आला आणि हा हिशेब कोलमडला.

भारतात १९८६ साली मद्रासमध्ये एचआयव्हीची लागण प्रथम सापडली. ती शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. त्यांनी आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी जमवलेल्या रक्ताच्या नमुन्यांतून ती कळली. आपल्यापैकी पुष्कळांच्या शरीरात क्षयाचे जंतू झोपलेले असतात. प्रतिकारशक्ती शाबूत असेल तर आयुष्यभरात पाच ते दहा टक्के लोकांतच ते जागे होतात. एचआयव्ही असेल आणि त्यावर उपचार नसतील, तर जवळपास तेवढाच धोका दर वर्षी असतो.

आणि यातली खरी मेख ऐका. फुप्फुसात पोकळी पडते ती नुसत्या जंतूंमुळे नव्हे. शरीर जंतूंशी झुंजतं, त्या झुंजीत फुप्फुसाचा भाग कुजून पोकळी होते. तिथे जंतू कोट्यवधींनी वाढतात आणि खोकल्याबरोबर बाहेर पडतात. म्हणजे बेडक्यात दिसणारे जंतू ही एका परीने शरीराच्या प्रतिकाराची खूण. एचआयव्हीने प्रतिकारच संपला की पोकळी पडत नाही, बेडक्यात जंतू थोडे, एक्स-रे जवळजवळ स्वच्छ. रोग मात्र यकृतात, गाठींत, मेंदूच्या आवरणात, अंगभर पसरलेला. सूक्ष्मदर्शकाला एक मिलिलिटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय काही दिसत नाही. म्हणून जो जास्त आजारी, त्याचीच चिठ्ठी 'निगेटिव्ह'.

नव्वदच्या दशकात मी एका जिल्ह्याच्या गावी होतो. महामार्गावरचं गाव, ट्रक थांबायचे. १९९६ मध्ये एक पंचविशीतली बाई आली; नवरा ड्रायव्हर होता, वर्षापूर्वी 'कसल्याशा तापाने' गेलेला. तीन महिने ताप, वजन चौतीस किलो. पिशवीत तीन चिठ्ठ्या, तिन्ही निगेटिव्ह, आणि खोकल्याच्या बाटल्यांची बिलं. खोकला तिला फारसा नव्हताच. मानेत गाठी होत्या. गाठीत सुई घातली तर दह्यासारखा पांढरट द्रव आला, आणि काचपट्टीवर लाल काड्या खच्चून भरलेल्या. तिने क्षयाचे पूर्ण उपचार घेतले, वजन अकरा किलोंनी वाढलं. पण एचआयव्हीवरची औषधं तेव्हा तिच्यासारखीला परवडणारी नव्हती, सरकारी दवाखान्यात नव्हतीच. दोन वर्षांनी ती दुसऱ्या संसर्गाने गेली. सासरच्यांनी चिठ्ठ्यांचा आधार घेऊन 'टी.बी. नव्हताच, हिनेच काही लपवलं' असं म्हटलेलं मी ऐकलं आहे.

उपचारांतही अडचणी निघाल्या. थायासिटाझोन नावाचं एक स्वस्त औषध आम्ही वर्षानुवर्षं देत होतो. एचआयव्ही असलेल्यांच्या अंगाची त्यामुळे सालं निघतात, काही दगावतात, हे १९९१ मध्ये केनियातल्या डॉक्टरांनी दाखवलं आणि ते बाजूला पडलं. रिफॅम्पिसिनचा स्वभाव असा, की ते यकृताला इतर औषधं भराभर मोडायला लावतं. त्यात एचआयव्हीची काही औषधंही निकामी होतात. आज प्रचलित असलेलं डोल्युटेग्रॅव्हिरसुद्धा रिफॅम्पिसिन चालू असेपर्यंत दिवसातून दोनदा द्यावं लागतं.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने आठ रुग्णालयांत एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली, त्यात मुंबईचं जे. जे. होतं. मग वाद उभा राहिला: आधी कोणता रोग? क्षय आधी बरा करावा, मग एचआयव्हीकडे पाहावं, हा शहाणपणाचा सल्ला समजला जाई. दोन्ही एकदम सुरू केले तर जागी झालेली प्रतिकारशक्ती क्षयाच्या जंतूंवर तुटून पडते. गाठी सुजतात, ताप चढतो, रुग्ण घाबरतो. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानचा अभ्यास आला. क्षयाचे उपचार संपायची वाट न पाहता एचआयव्हीची औषधं दिलेल्यांत मृत्यू ५६ टक्क्यांनी कमी होते. पुढच्याच वर्षी कंबोडियाहून आलेल्या अभ्यासात, प्रतिकारशक्ती पार खालावलेल्या रुग्णांना दोन आठवड्यांतच औषधं सुरू केली तेव्हा ३३२ पैकी ५९ गेले. आठ आठवडे थांबवलेल्यांत ३२९ पैकी ९०. मेंदूच्या आवरणाचा क्षय असेल तर मात्र घाई करायची नाही, तिथे सूज जिवावर बेतते. बाकीच्यांसाठी थांबण्याचा शहाणपणा संपला. पाचगणीचं बेल-एअर, क्षयासाठी बांधलेलं, पुढे एचआयव्हीच्या रुग्णांसाठी ओळखलं जाऊ लागलं. त्याच व्हरांड्यांत दोन्ही रोग पाहिलेली वास्तू म्हणून मला तिच्याबद्दल वेगळीच आस्था आहे.

निदानातली कोंडी फुटली ती डिसेंबर २०१० मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने एका नव्या यंत्राला मान्यता दिली. आपल्याकडे त्या तपासणीला 'सीबीनॅट' म्हणतात. बेडका एका डबीत घालायचा, यंत्र जंतूची जनुकं शोधतं. दोनेक तासांत उत्तर, शिवाय रिफॅम्पिसिन लागू पडेल का तेही. सूक्ष्मदर्शकाला हजारो जंतू लागत, याला मिलिलिटरमागे शंभर-दीडशे पुरतात. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं 'ट्रूनॅट' हे यंत्र बॅटरीवरही चालतं. २०२० मध्ये त्यालाही जागतिक मान्यता मिळाली. आणि जे इतके खंगलेत की बेडकाच काढू शकत नाहीत, त्यांच्यासाठी लघवीतला जंतूचा अंश ओळखणारी पट्टी निघाली. २०१५ मध्ये एचआयव्ही असलेल्या गंभीर रुग्णांसाठी तिची शिफारस झाली, २०१९ मध्ये ती आणखी रुग्णांना लागू केली गेली.

मधल्या काळात एक धंदाही जोरात होता, रक्तावरून क्षय ओळखण्याचा. ती तपासणी अचूक नव्हतीच. रोग नसलेल्यांना रोगी ठरवी आणि असलेल्यांना सोडून देई. लोकांना मात्र रक्ताची तपासणी भारदस्त वाटे. बेडका द्यायला लाज वाटते, बायकांना तर फारच. पुष्कळजणी बेडक्याऐवजी नुसती थुंकी देतात, आणि थुंकीत जंतू कुठून असणार? जून २०१२ मध्ये सरकारने रक्ताच्या या तपासण्यांवर बंदी घातली. उशीर झाला, पण घातली.

२०२५पर्यंत क्षय हटवायचा असं उद्दिष्ट देशाने ठेवलं होतं. ते साल सरलं. जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक अजून भारतात आहे. २०१९ ते २०२१ या काळात देशभर सर्वेक्षण झालं. लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेलेले नव्हते. त्याहून मला चकित केलं ते दुसऱ्या आकड्याने: सापडलेल्या रुग्णांपैकी ४२ टक्क्यांहून अधिक जण एक्स-रे काढला नसता तर सुटलेच असते. म्हणजे 'खोकला आहे का?' या आमच्या पहिल्याच प्रश्नाला त्यांचं उत्तर 'नाही' होतं.

म्हणून ७ डिसेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या मोहिमेत हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रं गावोगाव फिरवली गेली. चित्रात सावली दिसली, की पुढची तपासणी पुन्हा बेडक्याचीच. आणि खोकलाच नसलेल्या माणसाकडून बेडका मिळवायचा, तर कधी कधी त्याला आधी मिठाच्या पाण्याची वाफ देऊन खोकायला लावावं लागतं.